खांबचा फोन टेस्टवर राहिला

मित्रांनो, मला जुनी म्हणावं की नाही, हा प्रश्नच आहे. मला गंज चढत नाही, माझा रंग उडत नाही आणि मला माळ्यावरही टाकता येत नाही. पण आमच्या जगात दोन-तीन वर्षं झाली की म्हातारपण आलंच म्हणायचं. तेव्हा मी एक म्हातारी टेस्ट आहे, असं धरून चला. पूर्ण नाव टेस्ट एन्व्हायरन्मेंट. पेणच्या रामवाडीत, हायवेपासून जवळच एका गाळ्यात माझा जन्म झाला. तिथे कुणाला एवढं लांब नाव घ्यायला वेळ नव्हता. "आधी टेस्टवर टाक, मग लाइव्हला," असंच सगळे म्हणायचे.

माझी गोष्ट कळायला आधी बसची गोष्ट कळायला हवी. पेणमध्ये महिपती शेठ नावाचे बसमालक आहेत. त्यांची बस रविवार सोडून रोज पहाटे पेणहून निघते आणि धाटावच्या केमिकल कंपन्यांत सकाळच्या शिफ्टला माणसं पोचवते. रामवाडी, वडखळ, नागोठणे, खांब, कोलाड आणि मग धाटाव असा तिचा रस्ता. पास महिन्याचा असतो आणि सगळ्या थांब्यांना एकच, त्यामुळे तिकिटाची भानगड नाही. फक्त उद्या कुठून किती माणसं चढणार, हे शेठना आदल्या दिवशी कळायला हवं. त्यासाठी त्यांनी प्रणित नावाच्या मुलाकडून एक वेबसाइट करून घेतली. संध्याकाळी ती उघडायची, आपला थांबा निवडायचा आणि बटण दाबायचं. मग 'नोंद झाली' अशी हिरवी अक्षरं येतात.

त्या बटणामागे टॅग असतो. टॅग म्हणजे पानाला चिकटवलेला एक बारकासा निरोप्या. बटण दाबलं की तो मोजणीकडे जातो आणि सांगतो, खांबवरून एक माणूस. शेठनी नोटीस काढली, तर ती पानावर झळकवायचं कामही एक टॅगच करतो. हे सगळे टॅग एका डब्यात राहतात. सुरुवातीला त्या डब्याला एकच कप्पा होता आणि त्याचं नाव लाइव्ह. तिथे जे होईल ते खरं धरायचं, असा नियम.

प्रणित मनाने चांगला, पण भारी घाईचा. काही नवीन केलं की ते चालतंय का बघायला तो स्वतःच लाइव्हवर बटण दाबायचा. थांबा कुठला? बसलाय रामवाडीत, म्हणून रामवाडी. एकदा दाबून समाधान व्हायचं नाही, म्हणून पुन्हा पुन्हा दाबायचा. मोजणीला खरं-खोटं काय कळतंय? ती बापडी सगळं धरून चालायची. शेठना स्क्रीनवर रामवाडी चांगली फुगलेली दिसली. त्यांनी ड्रायव्हर पुंडलिकला सांगितलं, रामवाडीला जरा जास्त थांबत जा.

दोन-चार दिवस पुंडलिक थांबला. मग एका दुपारी तो थेट गाळ्यात आला.

"रामवाडीला कुत्रं पन नसतं वो," तो प्रणितला म्हणाला. "मी इंजिन चालू ठेवून कोनाची वाट बघू? तुमच्या मोबाइलातल्या मानसांची?"

प्रणितच्या शेजारी मृणाली बसायची. ती त्याच गाळ्यात काम करायची आणि तिचं लक्ष चौफेर असायचं. तिला हसू आवरेना.

"अरे, तूच दाबतोस आणि तूच मोजतोस," ती प्रणितला म्हणाली. "पापड तळताना तेल तापलंय का बघायला आधी तुकडा टाकतो ना आपण? तो कुणी पाहुण्याच्या ताटात वाढतं का? चाचणीला वेगळी जागा कर."

"करू की, सावकाश."

"सावकाश नाही. सरक बाजूला."

तर मित्रांनो, असा माझा जन्म झाला. मृणालीने डब्याला दुसरा कप्पा केला, तो मी. माझी लिंक वेगळी, माझी मोजणी वेगळी. माझ्याकडे दाबलेलं बटण लाइव्हला कळत नाही आणि लाइव्हची नोटीस माझ्याकडे येत नाही. पान मात्र दोघींचं सारखंच दिसतं. ओळखू यावं म्हणून मृणालीने माझ्या पानाच्या वरच्या कडेला एक पिवळी पट्टी लावली आणि तिच्यावर बारीक अक्षरांत 'चाचणी' लिहिलं. अक्षरं आणखी थोडी मोठी केली असती तर बरं झालं असतं, पण तेव्हा ते कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढचा काळ चांगला गेला. मृणाली काहीही नवीन करायची ते आधी माझ्यावर. चुका माझ्याकडेच व्हायच्या, माझ्याकडेच निस्तरायच्या आणि लाइव्हवर निवडून-पाखडून घेतलेलं तेवढं जायचं. रामवाडीचा आकडा पुन्हा ताळ्यावर आला. एकदा शेठ गाळ्यात चहा प्यायला आले तेव्हा म्हणाले, "आता आकडा सांगतो तेवढीच माणसं चढतात हो. झोप लागते रात्रीची." कौतुक लाइव्हचं झालं. मला त्याचं काही वाटलं नाही. ज्या खोलीत पसारा होतो, तिची तारीफ कोण करतं?

मग मृणालीला ऐरोलीला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. जाताना ती प्रणितला म्हणाली, "टेस्ट अधूनमधून उघडून बघत जा रे."

"हो हो," प्रणित म्हणाला. त्याचं हो हो कसं असतं, ते आता मला ठाऊक आहे. त्यानंतर मला कुणी फारसं उघडलं नाही.

एका कामासाठी मात्र त्याला माझी आठवण झाली. ते काम खांबचं होतं. खांबवरून धाटावला पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या पुष्कळ बायका आहेत, आणि त्या सगळ्यांची नोंद एकाच फोनवरून व्हायची. फोन हुस्नबानोचा. तिचा मुलगा फैजल कुवेतला असतो, त्याने तिथून पाठवलेला. गावात नेट जेमतेम, पण हुस्नबानोच्या ओट्यावर ते बरं धरतं. ती स्वतःही त्याच शिफ्टला जाते. रोज दिवेलागणीला ती ओट्यावर यायची आणि हाक मारायची, "उद्या कोन कोन गो?" मग कुणी कुंपणावरून, कुणी विहिरीवरून उत्तर द्यायचं. हुस्नबानो प्रत्येकीसाठी एकदा, असं बटण दाबत बसायची. इतर बायकांकडेही फोन होते. पण भाबीने दाबलं की सीट लागतेच, असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं. एकीच्या हाताला गुण आला, की बाकीच्या आपला हात लावत नाहीत.

"माझं बोट झिजलं रं बाबा," हुस्नबानोने प्रणितला फोन करून सांगितलं. "एकदाच दाबून सगल्यांची नोंद व्हईल असं कायतरी कर."

प्रणितने पानावर 'किती जण' असा चौकोन घातला. यावेळी शहाणपण करून तो आधी माझ्यावर ठेवला आणि कमी नेटवर चालतो का ते बघायला मोटरसायकल काढून खांबला गेला. हुस्नबानोच्या फोनवर त्याने माझी लिंक उघडली. तिने आकडा भरला, बटण दाबलं, हिरवी अक्षरं आली. मला ती पहिली नोंद चांगली आठवते. तेवढ्यात आतून चहा आला, बशीत सांदणं आली. तांदळाची, नारळाच्या दुधातली, मऊ. प्रणितने ती पोटभर खाल्ली, हुस्नबानोचे आभार मानले आणि तो निघाला. पेणला येऊन त्याने तो चौकोन लाइव्हलाही लावला. काम फत्ते.

राहिलं एकच. माझी लिंक एकदा फोनवर उघडली, की फोन ती खूण धरून ठेवतो. 'बाहेर पडा' हे बटण दाबेपर्यंत तो फोन माझ्याकडेच येत राहतो. प्रणितने ते दाबलं नव्हतं. आता बोला!

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला खांबची नोंद माझ्याकडे आली. तिसऱ्या दिवशीही आली. रोज येत राहिली. हुस्नबानोला हिरवी अक्षरं दिसायची आणि ती सगळ्यांना ओरडून सांगायची, "झाली गो नोंद!" पहाटे बसही यायची, कारण पुंडलिक सवयीने खांबला ब्रेक मारायचाच. कुणाचं काही अडत नव्हतं, म्हणून कुणाला काही कळत नव्हतं. माझ्याकडे खांबची माणसं रोज जमत होती आणि लाइव्हवर खांब रिकामं पडलं होतं. मला सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि विचारणारी ऐरोलीला होती.

या बायकांत एक हौसा होती. तिच्याविषयी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते तिच्या अंगावर आलं. हौसा कित्येक वर्षं धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर काम करत होती. कंत्राटावर म्हणजे कसं, तर काम कमी असेल त्या सकाळी गेटावरूनच परत पाठवतात. पाठवलं की यायचं, विचारायचं नाही. त्या महिन्यात कंपनीने सांगितलं होतं, महिनाभर एकही खाडा न करणाऱ्या बायकांतून काही जणींना कायम करू. हौसाने तापात काम केलं, नणंदेच्या घरची पूजा सोडली, पण खाडा केला नाही. महिना संपत आला होता.

इकडे शेठची वेगळीच अडचण झाली होती. हायवेचं काम चालू असल्यामुळे कोलाडला बस अडकायची. कंपन्या बोलायला लागल्या. नागोठण्यावरून भिसे खिंडीने सरळ रोह्याला उतरावं आणि तिथून धाटावला यावं, असा विचार शेठनी केला. त्यात खांब आणि कोलाड हे दोन थांबे सुटत होते. कोलाडच्या माणसांना धाटाव जवळ, त्यांना रिक्षा मिळते. प्रश्न खांबचा होता. शनिवारी संध्याकाळी शेठ गाळ्यात येऊन बसले आणि त्यांनी आकडे उघडायला लावले. लाइव्हचे. खांबपुढे महिनाभराचं शून्य होतं.

पुंडलिक दारात उभा होता. "शेठ, खांबला बाया असतात," तो म्हणाला.

"असतात तर दाबत का नाहीत? पेणची माणसं दाबतात, वडखळची दाबतात. ह्यांनाच काय धाड भरलीय?"

"ते मला नाय म्हाईत. पन असतात."

"मग असं करू," शेठ म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. "आत्ता नोटीस लाव प्रणित. सोमवारपासून बस खिंडीतून. हरकत असेल त्याने उद्या फोन करावा, खाली माझा नंबर टाक. खांबचे चार फोन जरी आले तरी बस हायवेनेच जाईल."

नोटीस लागली, अर्थातच लाइव्हवर. रविवारी बस नव्हती. कोलाडचे फोन आले, नागोठण्याहूनही एक-दोघांनी चौकशी केली. खांबहून कुणी फोन केला नाही. शेठना वाटलं, चला, यांची हरकत नाही. आणि त्याच संध्याकाळी हुस्नबानोने ओट्यावरून हाक मारली, सगळ्यांची नावं घेतली आणि बटण दाबलं. नोंद माझ्याकडे आली. माझ्या पानावर नोटीस नव्हतीच, तर तिला दिसणार कुठून?

सोमवारी उजाडता उजाडता माझ्याकडे एक नोंद आली. ही काही नोंदीची वेळ नव्हे, म्हणून मला नवल वाटलं. लगेच दुसरी आली. मग तिसरी, आणि मग एकामागून एक येतच राहिल्या. हुस्नबानो थांब्यावर उभी राहून बटण दाबत होती. प्रत्येक वेळी मी तिला हिरव्या अक्षरांत सांगत होते, नोंद झाली, नोंद झाली. तेवढंच मला येतं. मित्रांनो, मी तशी कुणात जीव गुंतवणारी नाही, पण त्या सकाळी मला फार वाईट वाटलं.

शेवटी तिने प्रणितला फोन लावला.

"बस कुठं हाय? आमी कवापासून उभ्या हाव."

"काकी, बस आजपासून खिंडीतून जाते," प्रणित झोपेतच बोलत होता. "नोटीस होती की."

"कसली नोटीस? आमाला नाय दिसली."

"आणि महिनाभर तुमच्याकडून कुणी बटणच दाबलं नाही. शेठ तरी काय करणार?"

"मी रोज दाबते!" हुस्नबानोचा आवाज चढला. "आता पन दाबते हाय!"

तेवढ्यात हौसाने तिच्या हातातून फोन घेतला. "ओ दादा, भाबी खोटं नाय बोलत. नोंद झाली म्हनतंय इथं. आमी काय नोंदीवर बसून धाटावला जावं?"

प्रणितची झोप उडाली. त्याने लॅपटॉप उघडला आणि लाइव्ह बघितलं. तिथे शुकशुकाट. मग त्याने मला उघडलं. मृणाली गेल्यापासून तो असा मला पहिल्यांदाच उघडून बघत होता. खांबची सगळी माणसं माझ्याकडे होती, रोजची, न चुकता. आणि त्याच्या डोळ्यांदेखत आणखी एक नोंद येऊन पडली, कारण तिकडे कुणीतरी अजून दाबतच होतं.

"आयला!" म्हणून त्याने कपाळावर हात मारला.

त्याने शेठना फोन केला आणि "चूक माझी आहे," असं पहिल्या वाक्यात सांगितलं. शेठ खूप ओरडले. मग म्हणाले, "अरे, बाया उभ्या आहेत रे तिकडे!" पण बस तोवर खिंड उतरून गेली होती.

पुढचं मला कळलं ते प्रणितने मृणालीला फोनवर सगळं सांगितलं त्यातून. हौसा एका भाजीच्या टेम्पोत बसून कोलाडला गेली, तिथून रिक्षाने धाटावला. तोवर गेट बंद झालं होतं. बाकीच्या बायकांचा दिवस बुडला. हौसाचा महिना बुडाला. प्रणित मोटरसायकलने त्या गेटावर पोचला आणि सुपरवायझरला हात जोडून म्हणाला, "साहेब, यांची काही चूक नाही. चूक माझी आहे." सुपरवायझरने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खाडा तो खाडा. बघू पुढच्या वर्षी." हौसा वळली आणि रस्त्याला लागली. प्रणित म्हणाला, ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी प्रणित खांबला गेला. उद्यापासून बस पुन्हा हायवेने येणार, असा शेठचा निरोप त्याने सांगितला. मग हुस्नबानोचा फोन मागून घेतला आणि तिला ती पिवळी पट्टी दाखवली.

"ही होय?" हुस्नबानो म्हणाली. "मला वाटलं जाहिरात हाय. जाहिरात कोन वाचतो?"

खरंच, कोण वाचतो? प्रणितने 'बाहेर पडा' दाबलं आणि तिचा फोन माझ्याकडून सुटला.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. चाचणीला वेगळी जागा जरूर ठेवा. खऱ्या कामात गोंधळ होण्यापेक्षा तो माझ्यासारखीकडे झालेला बरा. पण त्या जागेत कुणाला घेऊन आलात, तर परत बाहेर नेऊन सोडणं हेही तुमचंच काम आहे. चहा मागाहून पिता येतो. आणि कुणाचं शून्य दिसलं, तर ती माणसं नाहीतच असं ठरवण्याआधी एकदा जाऊन बघा. पुंडलिक सांगतच होता.

त्या संध्याकाळी दिवे लागले तरी हुस्नबानोने हाक मारली नाही. हौसा आणि इतर बायका आपापल्या पायांनी ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. हुस्नबानोने फोन हौसापुढे धरला.

"आजपासून ज्याची त्याने नोंद करा," ती म्हणाली. "माज्या हातानं तुजं वाटोलं झालं गो. मी नाय दाबनार."

हौसाने फोन घेतला नाही.

"राग आला मला," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? दुपारी तुज्या दारावरून गेले, तुला हाक नाय मारली. अजून बी राग हाय. पन उद्या शिफ्टला जायचं हाय ना? रोज तूच दाबतेस. दाब, भाबी."

हुस्नबानोने पदराने डोळे पुसले, किती जण ते मोजलं आणि बटण दाबलं.

माझ्याकडे काहीच आलं नाही.